मागचं दार बंद

"अहो, त्या साखळ्या खाली घ्या आधी! जेवायचं टेबल आहे ते, गॅरेज नाही."

काशीनाथने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. जुन्या पेपरावर दोन साखळ्या पसरून तो एकेका कडीला तेलाचं बोट लावत होता. बर्मिंगहॅममधल्या हँड्सवर्थच्या त्या घरात सकाळी सकाळी मशीनच्या तेलाचा वास सुटला होता आणि गयाबाईचा चहा त्यात वाया चालला होता.

"आणि दोन कशाला?" तिने विचारलं.

"एक माझी, एक लेसची."

गयाबाईचा आवाज एकदम उतरला. लेस जाऊन चार महिने झाले होते. लेस, म्हणजे काशीनाथचा फौजेतला जोडीदार. पन्नास वर्षांची दोस्ती. काशीनाथने फौज सोडून बर्मिंगहॅमच्या बसवर ड्रायव्हरकी धरली, तेव्हा लेससुद्धा मागोमाग त्याच डेपोत आला होता. आता हॉस्पिटलमधून घरी येतो येतो म्हणाला आणि गेला.

"तो कीथ तुम्हाला सूप वाढायला बोलावतोय," गयाबाई म्हणाली, "आणि तुम्ही चाललात! मी असते ना, तर फोनवरच त्याची पूजा बांधली असती."

"मी येतो म्हणालो. सूप वाढतो म्हणालो नाही."

आता ही सूपाची भानगड सांगितली पाहिजे. त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

काशीनाथ सखाराम तांबे, मूळचा दापोलीकडचा. बाप इंग्लंडात स्मेथिकच्या फाउंड्रीत लोखंड ओतायला आला, त्याने पोराला मागाहून बोलावून घेतलं. पोरगं मोठं झालं आणि थेट ब्रिटिश फौजेत भरती झालं, ट्रान्सपोर्ट कोअरमध्ये. बापाला वाटलं होतं, पोरगा टाय लावून ऑफिसात बसेल. पण काशीनाथच्या डोक्यात आजोबा होते. तांब्यांच्या घरात पणजोबा फौजेतले हवालदार. पुढे इंग्रजांनी महारांची भरती बंद केली आणि आजोबा भरतीला गेले तेव्हा त्यांना दारातूनच हाकललं. जात विचारली, छाती मोजलीच नाही. आजोबा मरेपर्यंत ते दार विसरले नाहीत. येईल त्याला सांगायचे, अगदी पाहुण्यालाही.

म्हणून काशीनाथ त्याच फौजेत गेला. आणि गंमत बघा, फौजेने त्याच्या हातात काय दिलं? दार!

तेव्हा जर्मनीचे दोन तुकडे होते आणि बर्लिन शहर रशियाच्या बाजूच्या जर्मनीत बेटासारखं अडकलेलं. त्यातला अर्धा भाग इंग्रज, अमेरिकन आणि फ्रेंचांकडे. तिथल्या इंग्रज फौजेसाठी एक लष्करी आगगाडी रोज बर्लिनहून निघायची, रशियाच्या मुलखातून पश्चिमेला जायची आणि संध्याकाळपर्यंत परत यायची. परत येताना हेल्मश्टेटला, सरहद्दीच्या शेवटच्या स्टेशनात, गाडीच्या दारांना आतून साखळ्या पडायच्या. पुढच्या टोकाला लेस, मागच्या टोकाला काशीनाथ. साखळी पडली की दोघांनी ओरडून सांगायचं, 'फ्रंट सिक्युअर', 'रिअर सिक्युअर', म्हणजे पुढचं दार बंद, मागचं दार बंद. त्यानंतर ट्रेन कमांडंटच्या हुकमाशिवाय कोणी चढायचं नाही, कोणी उतरायचं नाही. आणि डायनिंग कारमध्ये सूपसुद्धा दोन्ही टोकांच्या हाका आल्यावरच वाढायचं, असा त्या गाडीचा रिवाज.

एकदा एक कर्नलसाहेब हेल्मश्टेटला पाय मोकळे करायला उतरले आणि सिगार ओढत बसले. साखळी पडली. साहेब परत येऊन बघतात तर दार बंद! आत बावीस-तेवीस वर्षांचा काळा पोरगा उभा. 'उघड,' साहेब म्हणाले. काशीनाथ म्हणाला, 'नाही उघडता येत, सर. ट्रेन कमांडंटचा हुकूम पाहिजे.' साहेब लाल झाले. 'राणीच्या गाडीच्या दारावर ह्या कुलीला कोणी उभा केला?' म्हणून ओरडले. काशीनाथने कडी घट्ट धरली आणि तेच वाक्य पुन्हा म्हटलं. साहेब धावत पुढच्या दाराकडे गेले, तर तिथून लेस म्हणाला, 'सॉरी सर, मागचा म्हणाला ना नाही, मग नाहीच.' शेवटी कमांडंट आले आणि हुकूम दिला, मग दार उघडलं. कर्नलने विचारलं, मला अडवणाऱ्याचं नाव काय, त्याला मी सोडणार नाही. काशीनाथ पुढे झाला. तेवढ्यात लेस आला आणि म्हणाला, 'मीसुद्धा, सर. दोघांना धरा.'

दोघांना कोणी धरलं नाही. पण लेस बोलका, काशीनाथ घुम्या. गोष्ट कँटीनमधून कँटीनमध्ये गेली आणि जाता जाता दारावर लेस उभा राहिला. लेस स्वतः प्रत्येक रियुनियनला टेबलावर मूठ आपटून सांगायचा, "अरे, दार टॅमने अडवलं! मी नुसता ओरडलो." टॅम म्हणजे तांबे. लेस होता तोवर गोष्ट जागेवर होती.

लेसच्या फ्युनरलला जुन्या सैनिकांच्या क्लबचा चेअरमन कीथ भाषणाला उभा राहिला. कीथ जर्मनीत होता खरा, पण बीलेफेल्डच्या स्टोअरमध्ये ब्लँकेटं मोजत. ह्या गाडीत त्याने पाय ठेवलेला नाही. त्याने गोष्ट रंगवून सांगितली. दारावर शूर लेस. "आणि आपला टॅम," कीथ हसत म्हणाला, "बिचारा सूपाचा ट्रे घेऊन मध्ये अडकला होता!" सगळे हसले. काशीनाथच्या कानशिलात कोणी दिल्यासारखं झालं. पण मयताच्या ठिकाणी वाद घालायचा नसतो, अशी त्याच्या आईची शिकवण. तो गप्प बसला. आणि ते गप्प बसणं त्याला चार महिने गिळवत नव्हतं. खरं सांगणारा एकच माणूस होता आणि तो पेटीत पडून होता!

आणि आता कीथने जुन्या गाड्या चालवणाऱ्या एका हौशी रेल्वेवर 'बर्लिन डिनर' ठरवलं होतं. तिकिटं विकली होती. टीव्हीवाली बाई येणार होती. एका छोट्या स्टेशनला हेल्मश्टेटची पाटी लावून ती कर्नलची गोष्ट करून दाखवायची. कर्नल स्वतः कीथ. लेसचं काम कोणीतरी हौशी मनुष्य करणार. "आणि टॅम, तू सूप आण. पांढरं जॅकेट तयार ठेवलंय. लोकांना फार आवडेल बघ," कीथ फोनवर म्हणाला होता. काशीनाथने विचारलं, दारावर मीच उभा राहिलो तर? कीथ जरा चाचरला आणि म्हणाला, "कसं आहे ना मेट, ऑथेंटिक दिसायला हवं."

ऑथेंटिक! काशीनाथने तो शब्द रात्रभर चघळला होता.

"चला," तो साखळ्या पिशवीत घालत म्हणाला. अंगात ब्लेझर, छातीवर मेडल, डोक्यावर फौजेची बेरे टोपी. गयाबाई पांढरी साडी नेसली होती आणि वर जाड कोट. मुलगा प्रमोद गाडीने सोडतो म्हणाला होता, पण ट्रेनच्या गोष्टीला ट्रेननेच जायचं, ह्यावर म्हातारा अडून बसला होता.

स्नो हिल स्टेशनवरून ते लोकल ट्रेनमध्ये बसले. पुढच्या एका स्टेशनावर लेसची बायको मॉरीन चढली. गुडघे गेलेले, हातात काठी, पण लिपस्टिक ताजी. तिने गयाबाईला मिठी मारली आणि काशीनाथच्या शेजारी धपकन बसली. ही सगळी बोलणी इंग्रजीत चालली होती, पण गयाबाईचं इंग्रजी असं की त्याला इंग्रजी म्हणायला धाडस लागतं. मॉरीनला मात्र ते पन्नास वर्षं कळत आलं होतं.

"आठवतं, गाया?" मॉरीन म्हणाली. "बर्लिनच्या क्वार्टर्समध्ये तू पहिल्यांदा आलीस, तेव्हा माझ्याकडे मीठ मागायला आलीस आणि सोडा घेऊन गेलीस."

"आणि ह्यांनी ती आमटी गप खाल्ली!"

"गप नाही खाल्ली," काशीनाथ म्हणाला. "रात्रभर बसून होतो."

तिघं हसले. मग गयाबाई खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मला ती गाडी आठवते. पहिल्यांदा बसले तेव्हा. पांढरं टेबलक्लॉथ, एवढे काटेचमचे. आणि तो गोरा वेटर हातावर नॅपकिन टाकून आला आणि माझ्या ग्लासात पाणी ओतलं. अगं मॉरीन, आमच्या गावात विहिरीवर आम्हाला वरून पाणी घालायचे, लांबून. ओंजळ धरायची. आणि हा वाकून ओततोय! मी ते पाणी प्यायलेच नाही आधी. नुसती बघत बसले."

मॉरीनने तिचा हात हातात घेतला. काशीनाथने ही गोष्ट शंभरदा ऐकली होती, तरी ती अर्धी राहिलेली त्याला चालेना.

"आणि त्या वेटरने काय केलं सांग," तो म्हणाला.

"दोन सूपाच्या प्लेटा भरून ठेवल्या आणि वर बशा झाकल्या. मी विचारलं हे कोणाचं? म्हणाला, दारावरच्या दोघांचं. त्यांना मागाहून."

"मागाहून म्हणजे गार," काशीनाथ म्हणाला. "बशी झाकली तरी गारच."

त्याने पिशवीतून एक साखळी काढली आणि मॉरीनच्या मांडीवर ठेवली. ती दचकलीच.

"हे काय, टॅम?"

"लेसची आहे. म्हणजे तीच नाही, सरकारी मालाला आम्ही कधी हात लावला नाही. ही हार्डवेअरच्या दुकानातली. पण लेसची."

"मी काय करू हिचं?"

"काही नको. असू दे पर्समध्ये."

मॉरीनने साखळी एकदा हातात तोलली आणि पर्समध्ये घातली. पर्सचं तोंड मिटेना, तेव्हा गयाबाईने दाबून मिटवलं.

हौशी रेल्वेच्या स्टेशनात इंजिन वाफ सोडत उभं होतं. गाडी दोनच डब्यांची. पुढे डायनिंग कार, मागे कंपार्टमेंटचा डबा. कीथ कर्नलच्या वेषात, मिशी चिकटवून, सगळ्यांचे हात हातात घेत फिरत होता. लेस झालेला गृहस्थ पन्नाशीचा, पोट सुटलेला, बटणं तटतटलेली. लेस एवढा काटकुळा की त्याचा पट्टा दोनदा फिरायचा. मॉरीनने त्या गृहस्थाकडे नखशिखांत पाहिलं आणि मान फिरवली.

"टॅम! जॅकेट तिथे खुंटीवर!" कीथ ओरडला. "आणि सगळ्यांना सांगतो, साखळी फक्त गाडी उभी असताना. गार्डबाईंची तशी अट आहे. त्यांची शिटी झाली की साखळी काढायची."

"बरोबर आहे," काशीनाथ म्हणाला. "नियम म्हणजे नियम."

गाडी निघाली. डायनिंग कार माणसांनी भरली होती, निम्मे क्लबातले म्हातारे, निम्मे हौशे. मॉरीन आणि गयाबाई अगदी पुढच्या टेबलावर. गयाबाईशेजारची खुर्ची काशीनाथची. मॉरीनशेजारी एक खुर्ची रिकामी होती. वेटर तिथले काटेचमचे उचलायला आला, तेव्हा मॉरीनने त्यावर हात ठेवला. "राहू देत," एवढंच म्हणाली.

गाडी त्या छोट्या स्टेशनात थांबली. हेल्मश्टेटची पाटी नवीकोरी, रंग अजून ओला असावा. बाहेर भुरभुर सुरू होती. ठरल्याप्रमाणे कीथ मागच्या दाराने रुबाबात उतरला आणि प्लॅटफॉर्मवर कॅमेऱ्यासमोर सिगार धरून उभा राहिला. आत दाराशी लेसच्या वेषातला गृहस्थ साखळी शोधत होता.

त्याच्या खांद्यावर एक हात पडला.

"बाजूला हो, बाबा."

"पण इथे मी..."

"तू कोणी नाहीस. राग मानू नकोस, पण तू कोणी नाहीस. हो बाजूला."

आवाजात काय होतं कोण जाणे, गृहस्थ बाजूला झाला. काशीनाथने दार ओढून घेतलं. साखळी कड्यातून फिरवली, दोन पीळ, एक गाठ, आणि दांडा हलवून पाहिला. पन्नास वर्षांनी बोटं चुकली नाहीत. चुकतील कशी? घरातलं पुढचं दारही तो रोज असंच हलवून बघतो, गयाबाईच्या शिव्या खाऊन.

कीथने बाहेरून काचेवर ठोठावलं आणि पाठ केलेलं वाक्य फेकलं. "उघड हे दार!"

काशीनाथने खिडकीची काच खाली घेतली. "नाही उघडता येत, सर. ट्रेन कमांडंटचा हुकूम पाहिजे."

कीथची मिशी एका बाजूने सुटली. "टॅम? तू काय करतोयस तिथे? अरे, तू सूप आहेस!"

"मी सूप नव्हतो, कीथ. मी इथे होतो. ह्या दारावर."

"बरं बरं, नंतर बोलू. उघड आता. भिजतोय मी."

"शिटी झाली की उघडतो. तोवर ह्या टीव्हीच्या बाईंना सांग, कर्नलला दारावर कोण भेटलं. तू नव्हतास म्हणा तिथे. ऐकलेलं सांग. लेसने तुझ्यासमोर टेबलावर मूठ आपटून जे सांगितलं, ते सांग."

"अरे, गंमत चाललीये रे ही!"

"गंमत आहे ना? मग हस."

कीथ हसला नाही. कॅरिडॉरमध्ये म्हातारे गोळा झाले होते. एकजण म्हणाला, "लेस म्हणायचा खरा तसं." दुसरा म्हणाला, "दर वर्षी म्हणायचा." मग दोघंही जमिनीकडे बघायला लागले, कारण फ्युनरलला हसलेल्यांत तेही होते. टीव्हीवाल्या बाईने कीथला सोडून माइक खिडकीपाशी आणला.

"सर, तुमचं नाव?"

काशीनाथ ताठ झाला. पाठीचा मणका कुरकुरला, त्याला त्याने दाद दिली नाही.

"लान्स कॉर्पोरल तांबे, काशीनाथ सखाराम. बर्लिनच्या गाडीचं मागचं दार माझ्याकडे होतं. ह्या फौजेने माझ्या आजोबांना दारातून परत पाठवलं होतं. मी त्यांच्या कर्नलला दारात उभा केला. आणि मला कोणी सूप वाढायला लावलेलं नव्हतं! सूप वाढणं वाईट नाही, वाढणारा फार चांगला माणूस होता. पण तो मी नव्हतो."

आणि मग त्याने मान वळवली, छाती भरून घेतली आणि गाडीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत जाईल अशी हाक दिली.

"रिअर सिक्युअर!"

हाक पुढे गेली आणि तिला उत्तर आलं नाही. येणार कुठून? लेसच्या वेषातला गृहस्थ काशीनाथच्या मागेच हात चोळत उभा होता. पुढच्या दारावर कोणी नव्हतं. काशीनाथने इतका वेळ जे धरून ठेवलं होतं, ते त्या शांततेत त्याच्या हातून सुटायला लागलं. त्याने दांडा घट्ट धरला. कीथचं त्याला आता काही वाटत नव्हतं. त्याला फक्त लेस पाहिजे होता.

तेवढ्यात पुढून काहीतरी खळखळलं. काठी पडल्याचा आवाज झाला. कोणीतरी "सावकाश, सावकाश" म्हणालं, तो गयाबाईचा आवाज. आणि मग एक म्हातारा, फाटका, पण खणखणीत आवाज दोन डबे ओलांडून आला.

"फ्रंट सिक्युअर!"

मॉरीन!

"फ्रंट सिक्युअर, टॅम! ऐकलंस का रे?"

"ऐकलं," काशीनाथ म्हणाला, पण ते त्याच्या ओठातच राहिलं. म्हाताऱ्यांपैकी कोणीतरी टाळी वाजवायला गेला आणि दुसऱ्याने त्याचा हात धरला.

गयाबाई मधल्या वाटेने तरातरा चालत आली. खुंटीवरचं पांढरं जॅकेट तिच्या हातात होतं. तिने ते लेसच्या वेषातल्या गृहस्थाच्या हातात कोंबलं.

"यू, नो जॉब नाऊ," ती म्हणाली. "गो. सूप. हॉट हॉट."

गृहस्थाने जॅकेट बघितलं, गयाबाईला बघितलं आणि निमूट अंगात चढवलं. दोन्ही हाका आल्या होत्या, सूप वाढायलाच हवं होतं.

बाहेर कीथ भुरभुरीत उभा होता, मिशी खिशात घालून. शिटी व्हायला अजून वेळ होता.

"या ना जेवायला," गयाबाई काशीनाथला म्हणाली. "गार होईल."

"गाडी उभी आहे तोवर दार सोडता येत नाही, गया."

तिने वाद घातला नाही. ती परत पुढे गेली. तिथे मॉरीन दाराशी उभीच होती, एका हाताने साखळीचं टोक धरून, बस म्हटलं तरी बसत नव्हती. टेबलावर सूप आलं होतं. गयाबाईने शेजारच्या टेबलावरून दोन बशा मागून घेतल्या. एक काशीनाथच्या प्लेटवर पालथी घातली आणि दुसरी, रिकाम्या खुर्चीपुढच्या प्लेटवर.

मग तिने स्वतःचा चमचा खाली ठेवला आणि शिटीची वाट बघत बसली.